पाटी आणि वाटी

"बाबा, एक पाटी तेवढी करून आणाल?" असं सूनबाई म्हणाली आणि तिथेच सगळं फिसकटलं. तिने दळण आणायला सांगितलं असतं तर मी मुकाट्याने आणून दिलं असतं. पण माझी उभी नोकरी गेली परिभाषेच्या सरकारी कचेरीत. परभाषेतला एखादा शब्द यायचा, आम्ही सगळे टेबलाभोवती बसायचो आणि संध्याकाळपर्यंत त्याला आपल्या भाषेतला शब्द देऊन घरी जायचो. कधीकधी न देताही जायचो. अशा माणसाला पाटी करून आणा म्हणणं म्हणजे निवृत्त पैलवानाला बरणीचं झाकण उघडून द्या म्हणण्यासारखं आहे. तो आधी लंगोट शोधायला लागतो.

सूनबाई डॉक्टर आहे. कशाची, ते सांगतोच, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. एका मोठ्या हॉस्पिटलात तिची चांगली नोकरी होती. ती सोडून तिने स्वतःचा दवाखाना काढायचं ठरवलं. राजीनामा दिला तेव्हा तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "जा, जा. वर्ष सरायच्या आत परत याल. तुमची खुर्ची मी कुणाला देत नाही." हे तिने आम्हाला जेवताना हसत हसत सांगितलं, पण घास बराच वेळ हातातच होता. आमचे चिरंजीव नोकरीपायी सदा फिरतीवर. तेव्हा धीर द्यायचं काम माझ्याकडे आलं. "बघू कोण परत जातंय ते," असं मी म्हणालो आणि आमच्या घराची पुढची खोली तिला देऊन टाकली. मी, माझी आरामखुर्ची आणि माझं वर्तमानपत्र असे तिघे आतल्या खोलीत गेलो.

घर तळमजल्यावर. पुढच्या खोलीचं दार हमरस्त्यावर उघडतं. त्या खोलीतून मागे आलं की स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराचं दार मागच्या बोळात. हा भूगोल नीट लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

आता पाटीवर लिहायचं काय? 'कातडीचा डॉक्टर' असं सगळे म्हणतात, पण लिहीत कुणी नाही. कातडी हा शब्द कधी सुखात दिसत नाही. ती लोंबते, ती लोक बचावतात, आणि फारच टिकाऊ निघाली तर ती गेंड्याची आहे असं म्हणतात. त्याच अंगावरची, त्याच मापाची त्वचा मात्र बारा महिने मऊ आणि तजेलदार. मारकुट्या मास्तरांनी "तुझी त्वचा सोलून काढीन" असा दम भरला असता तर अख्खा वर्ग हसला असता. चामडी आली की पाठोपाठ मार आलाच. कांती आली की समजावं, घरात मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे. आणि चर्म आलं की सरकार आलं. एवढा विचार मी केला आणि आमच्या हिला, म्हणजे बायकोला, बोलून दाखवला. ही म्हणाली, "स्किनचा डॉक्टर लिहा. शेंबड्या पोरालाही कळतं." माझ्या उभ्या नोकरीवर तिने असं बसल्या बसल्या पाणी ओतलं. त्या संध्याकाळी मी तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मी 'त्वचारोगतज्ज्ञ' हा शब्द नक्की केला. घरातली गोष्ट घरात राहिली असती, तर पाटी एव्हाना टांगूनही झाली असती. पण आमच्या शेजारी मॅनेजर राहतात. ते बँकेतून निवृत्त झाले, मॅनेजरपणातून झाले नाहीत.

"कोशकार," ते मला कोशकार म्हणतात, "त्यातला रोग काढा. दारावरच रोग लिहिलेला पाहून गिऱ्हाईक आत येईल का? विकार लिहा."

"विकार नको हो," वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातूनच म्हणाल्या. "विकार म्हटलं की भलतंच काहीतरी वाटतं. माणूस आत शिरताना लोक काय म्हणतील? त्यापेक्षा त्वचा आणि सौंदर्य असं लिहा."

"मी पार्लर काढत नाहीये, काकू," सूनबाई म्हणाली. मग मला म्हणाली, "बाबा, माझं नाव आणि खाली डॉक्टर, एवढं पुरे. छोटीशीच करा."

ती तरुण आहे. शब्दाचं वजन तिला काय कळणार, असं मनाशी म्हणत मी पाटीच्या परवानगीसाठी नगरपालिकेत गेलो.

तिथल्या कारकुनाने माझा कागद दोन बोटांत धरला, कोपर पट्टीने खाजवलं आणि म्हणाला, "वैद्यकीय पाटीवर मान्य शब्दच पाहिजे. त्वचारोगतज्ज्ञ मान्य नाही. चर्मरोगतज्ज्ञ मान्य आहे."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. हा शब्द मान्य केला होता आमच्याच कचेरीने! ज्या बैठकीत तो ठरला तिथे मी त्वचेसाठी घसा कोरडा करून भांडलो होतो. आमचे संचालक जेवून आले, "चर्म" म्हणाले आणि खुर्चीतच झोपले. पुढे ते बदलून गेले, निवृत्त झाले, वारलेसुद्धा. पण चर्म राहिलं. आणि इतक्या वर्षांनी मी नगरपालिकेत उभा राहून एका मेलेल्या माणसाशी पुन्हा वाद घालत होतो.

"अहो, हा शब्द ज्या बैठकीत ठरला तिथे मी स्वतः हजर होतो," मी म्हणालो.

"मग तर तुम्हाला माहीतच पाहिजे," कारकून म्हणाला आणि त्याने पुन्हा कोपर खाजवलं.

मी हेलपाटे घातले. या टेबलावरून त्या टेबलावर गेलो. एका साहेबांनी मला त्वचा आणि चर्म यांतला फरक विचारला, आणि मी सांगायला लागल्यावर ते जेवायला गेले. शेवटी कारकुनालाच माझी कीव आली. "दोन्ही लिहा," तो म्हणाला. "एक कंसात टाका. कंसातल्याला आम्ही काही म्हणत नाही." सरकारी जगात कंसाने किती संसार वाचवले असतील, देव जाणे. मी चर्म बाहेर आणि त्वचा कंसात अशा अटीवर सुटलो. पराभव होता, पण परवानगी होती.

इथे तरी थांबायचं. पण मॅनेजर संध्याकाळी पुन्हा आले. "कोशकार, अहो, तज्ज्ञ-बिज्ज्ञ ठीक आहे. पण कशाकशावर इलाज होतो ते लिहा ना! आमच्या बँकेत ठेवींचे सगळे प्रकार भिंतीवर लिहिलेले असायचे."

हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी बरोबर बोलतोय असं मला वाटलं. नायटा, गजकर्ण, खरूज, इसब, कोड, चाई, चामखीळ, कुरूप, घामोळं! काय एकेक शब्द आहेत! साधे, कणखर, घरचे. आमच्या कचेरीने त्यांना कधी पायरीवर उभं केलं नाही, कारण ते सगळ्यांना कळायचे. मी त्यांना न्याय द्यायचं ठरवलं.

पाटीवाल्याने यादी वाचली आणि शर्टाची कॉलर वर ओढली. "साहेब, एवढं सगळं घालायचं तर पाटी दाराएवढी होणार नाही, भिंतीएवढी होईल."

"होऊ द्या."

"आतून दिवे टाकू? लांबून दिसेल."

"टाका. आणि नावं लाल अक्षरांत."

"बरं," तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "डॉक्टरीणबाई बसणार कधीपासून?" त्याच्या या आपुलकीने मला बरं वाटलं.

पाटी लागली. ती दारावरून सुरू होऊन खिडकीवरून पुढे मॅनेजरांच्या गॅलरीपर्यंत जात होती. अंधार पडल्यावर दिवे लागले तेव्हा समोरच्या घराच्या भिंती लाल झाल्या, आणि त्या लोकांनी पडदे ओढून घेतले. सूनबाई रस्त्यावर येऊन बराच वेळ वर बघत उभी राहिली.

"लांबून दिसते मात्र," ती म्हणाली, आणि आत जाऊन पाणी प्यायली.

दवाखाना उघडला. समोरच्या वाचनालयाबाहेर एक बाक आहे. येणारे पेशंट डोळे भरून पाहावेत म्हणून मी सकाळपासून त्याच्यावर जाऊन बसलो. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी बसलो. कुणी आलं नाही. माणसं रस्त्याने यायची, मान वर करून पाटी वाचायची आणि तिथूनच रस्ता ओलांडून माझ्या बाजूला यायची. आमच्या बाजूचा फूटपाथ ओस पडला. एक गृहस्थ अगदी दारापर्यंत गेले. मी बाकावरून अर्धा उठलो. पायरीवर त्यांनी वर पाहिलं, मग मनगटावर वेळ पाहिली आणि भराभरा निघून गेले. मनगटावर घड्याळ नव्हतं.

संध्याकाळी मी घाबरत घाबरत विचारायचो, "आज कसं काय?"

"ठीक चाललंय, बाबा," सूनबाई म्हणायची आणि पोटभर जेवायची.

पोरीचं धैर्य पाहून मला गलबलून यायचं. मला वाईट वाटू नये म्हणून ती हसत होती, मला वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्यांदा भात घेत होती. मला रात्रंदिवस त्या हॉस्पिटलातली ती रिकामी खुर्ची दिसायला लागली. पाटी मी केली होती. पोर परत गेली असती तर ती माझ्या पाटीखालून गेली असती. मग मी ठरवलं की पेशंट येत नसतील तर आपण आणायचे.

न्हाव्याच्या दुकानात शेजारच्या खुर्चीत एक तरुण बसला होता. त्याच्या कानामागे स्पष्ट चट्टा. मी त्याला वडिलकीने म्हणालो, "हे गजकर्ण दिसतंय बरं का. वेळीच दाखवून घ्या." त्याचे होणारे सासरे मागच्या बाकावर आपली पाळी यायची वाट बघत होते, हे मला कसं माहीत असणार? सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. तरुण लालबुंद झाला. न्हाव्याने माझ्या गळ्याचं फडकं काढलं आणि "काका, उरलेलं उद्या करू," म्हणाला. डोक्याची एक बाजू कापलेली आणि एक न कापलेली, अशा अवस्थेत मी घरी आलो.

पावाच्या दुकानात दुकानदाराच्या हातावर पांढरे चट्टे दिसले. मी त्याला हळूच म्हणालो, "हे इसब अंगावर काढू नका." माझं हळूच म्हणजे कचेरीच्या शेवटच्या टेबलापर्यंत जाणारं.

"अहो, मैदा आहे तो!" तो ओरडला.

मैदा असेलही. पण तोपर्यंत दोन बायकांनी हातातले पाव पुन्हा काचेच्या कपाटात ठेवले होते. त्यानंतर आमच्या घरी पाव आणायला ही जायला लागली.

अशातच माझ्या कमरेला काहीतरी झालं. दुसऱ्याला होतो तो रोग असतो आणि त्याला नाव असतं. आपल्याला होतं ते काहीतरी असतं. पट्ट्याच्या जागी खाज सुटायची. चारचौघांत हात आवरणं कठीण झालं. मॅनेजरांनी त्यांच्याकडचं एक मलम दिलं. "मला कधीतरी लागतं... म्हणजे लागायचं," ते म्हणाले. ते लावल्यावर काहीतरी आणखी पसरलं. गोल गोल, कडेला लाल.

"सुनेला दाखवा," ही म्हणाली.

"वेड लागलंय का? सासऱ्याने सुनेसमोर सदरा वर करायचा?"

"डॉक्टर आहे ती."

"ती लोकांची डॉक्टर."

"लोक येतायत कुठे, म्हणून तर रोज रडता," ही म्हणाली आणि तोंड फिरवून मटार सोलायला लागली. तिच्या हलणाऱ्या खांद्यांवरून मला वाटलं की ती रडतेय. खरं म्हणजे ती हसत होती, हे मला पुढे कळलं.

खाज असह्य झाली तेव्हा मी डोक्यावर टोपी घातली, एक बाजू कापलेली होती म्हणूनही घातली, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एक त्वचारोगतज्ज्ञ बसतात तिकडे गेलो. त्यांची पाटी इवलीशी होती. तीवर नुसतं 'त्वचारोगतज्ज्ञ'. कंस नाही, चर्म नाही. माझाच शब्द! या माणसाला परवानगी कुणी दिली, याचा विचार करत मी जिन्यापाशी उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की माझे पाय वर जायला तयार नाहीत. समोर बसथांब्यावर माणसं होती. त्यांतली निम्मी तरी मला बघतायत असं मला वाटलं. मी शेजारच्या छत्र्यांच्या दुकानाकडे वळलो आणि छत्र्या निरखायला लागलो. मग पुन्हा जिना. मग पुन्हा छत्र्या.

जिन्यातला रखवालदार भला माणूस होता. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "काका, कातडीचं आहे का? वर जा, वर! लाजू नका!"

अख्खा बसथांबा वळला.

"नाही हो. छत्री घ्यायला आलोय," मी म्हणालो. आणि एकदा म्हटल्यावर छत्री घेणं भाग पडलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

बसमध्ये छत्री मांडीवर घेऊन बसलो असताना मला आमची पाटी आठवली. त्या इवल्याशा पाटीखाली माझी ही गत झाली. आमच्या पाटीवर तर नायट्यापासून घामोळ्यापर्यंत सगळे लाल अक्षरांत होते, आणि आतून दिवे. तिच्याखालून आत जायचं म्हणजे माणसाने कपाळावर रोगाचं नाव लिहून मिरवणूक काढल्यासारखंच होतं. पोरीच्या दवाखान्याला मीच कुलूप घातलं होतं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की बसमधून उतरल्यावर त्या पाटीसमोरून जायची हिंमत झाली नाही. किती वर्षांनी कोण जाणे, मी मागच्या बोळातून घरी निघालो.

बोळात रांग लागली होती.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारापासून थेट बोळाच्या वळणापर्यंत माणसं भिंतीला टेकून उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात एक रिकामी वाटी होती. नगरपालिकेचा कारकून पट्टीऐवजी वाटीने कोपर खाजवत होता. कॉलर वर केलेला पाटीवाला होता. पाववाला होता, मला पाहताच त्याने मोकळा हात खिशात घातला. न्हाव्याकडचा तो तरुण होता, आणि त्याच्या मागे बरंच अंतर सोडून त्याचे होणारे सासरेही होते. दोघं एकमेकांना ओळख दाखवत नव्हते. आणि दाराशी अगदी पुढे, स्टीलची वाटी छातीशी धरून, मॅनेजर.

"साखर संपली घरातली," ते आकाशाकडे बघत म्हणाले. "म्हटलं, वहिनींकडून न्यावी."

"सगळ्यांचीच संपली?"

"दिवसच तसे आहेत, कोशकार."

मी आत गेलो. ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होती आणि एकेकाला पुढच्या खोलीत सोडत होती.

"हे काय चाललंय?"

"दवाखाना," ही म्हणाली. "पहिल्याच दिवशी वरच्या काकू वाटी घेऊन मागच्या दाराने आल्या. साखर मागितली आणि हळूच म्हणाल्या, सूनबाई मोकळी आहे का? तुमच्या त्या पाटीखालून कोण येणार होतं? मी त्यांना आत सोडलं. त्यांनी त्यांच्या बहिणीला सांगितलं, बहिणीने आणखी कुणाला. वाटी घेऊन या, कुणी हटकलं तर साखर म्हणा. पोरीला दुपारी जेवायला फुरसत मिळत नाही, म्हणून संध्याकाळी दोनदा भात घेते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मागच्या दारालाही पाटी लावली असती."

मला राग आला होता आणि आनंदही झाला होता, आणि कमरेला खाज सुटली होती. हात आपोआप तिकडे गेला. हिने तो पाहिला, उठून फळीवरची माझी नेहमीची वाटी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"रांगेत उभे राहा," ही म्हणाली.

स्वतःच्या घरात, एका हातात छत्री आणि एका हातात वाटी घेऊन मी रांगेच्या शेवटाकडे निघालो. पण मॅनेजरांनी मला थांबवलं. "तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "घरचेच आहात." हा माणूस मला इतका मोठ्या मनाचा कधीच वाटला नव्हता.

पुढच्या खोलीत सूनबाई हात धूत होती. दमलेली दिसत होती, पण चेहरा कसा निवांत होता.

"ती खुर्ची..." मी म्हणालो.

"मागच्याच आठवड्यात कळवलं त्यांना, कुणालाही देऊन टाका म्हणून," ती म्हणाली. मला एकदम बसावंसं वाटलं, तेव्हा मी बसलो. तिने हात पुसले. "बोला बाबा, काय होतंय?"

मी उभ्या नोकरीत हजारो शब्द तोलले, घासले, मान्य केले. त्यांतला एकही माझ्या मदतीला आला नाही.

"काही नाही गं. जरा उष्णता."

"सगळे हेच म्हणतात," ती म्हणाली. "सदरा थोडा वर करा." मी खिडकीकडे बघत सदरा वर केला. तिने दिवा जवळ घेऊन पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "नायटा आहे, बाबा."

"हळू बोल! दाराशी मॅनेजर आहेत!"

"अहो, तुम्हीच तर पाटीवर पहिला लिहिलाय."

"ती पाटी मी उद्याच काढून टाकतो."

"नको हो, राहू दे," ती हसत म्हणाली. "ती बघूनच लोकांना कळतं, कुठल्या दाराने यायचं नाही ते." मग तिने मलमाची नळी माझ्या वाटीत ठेवली, वर कागद झाकला आणि कसं लावायचं ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा माझं लक्ष नव्हतं. मी तिच्याकडेच बघत होतो.

मी वाटी छातीशी धरून स्वयंपाकघरातून बाहेर आलो. मॅनेजर माझ्या वाटीवरच्या कागदाकडे बघत होते.

"काय कोशकार, मिळाली साखर?"

"मिळाली," मी म्हणालो. "दिवसातून दोनदा लावायची आहे."